दुसरी किल्ली आणि लग्नाच्या कॅसेटबाबत

मी, खाली सही करणारी, दूरचित्रवाणी केंद्रातून निवृत्त झालेली निर्माती, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, आणि आणण्याची कोणाची टाप नाही. डॉक्टरांनी माझ्या फुप्फुसांचे फोटो उजेडात धरून "बघू या" एवढेच म्हटले. त्यावरून समजायचे ते मी समजले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे धरावे. वकीलबाई म्हणतात, भाषा कायद्याची ठेवा. जमली तिथे ठेवली आहे.

कलम एक. बँकेत जे असेल ते माझ्या शेवटच्या आजारपणाचा खर्च भागवून 'दुसरी किल्ली' या मालिकेतल्या नटीला द्यावे. ती नसल्यास तिच्या मुलीला. त्या मालिकेनंतर तिला कोणी काम दिले नाही. "त्या खोलीवाल्या बाईला कशाला घेता," असे म्हणत.

कलम दोन. निवृत्तीच्या दिवशी केंद्राने दिलेले मानचिन्ह भंगारात घालावे. त्यावर माझ्या सगळ्या कार्यक्रमांची नावे कोरली आहेत, अगदी केसांची निगा राखण्याच्या कार्यक्रमाचेसुद्धा. 'दुसरी किल्ली'चे नाही.

कलम तीन. त्या मालिकेची एकुलती एक कॅसेट. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ज्यांनी ती बघितली त्यांना कोणी विचारले नाही आणि ज्यांना विचारतात त्यांनी ती बघितली नाही.

मालिका दुपारी लागायची, पुरुष कामावर गेलेले असताना. एक बाई घरासमोरच्या इमारतीत एक खोली भाड्याने घेते, कोणाला न सांगता. तिथे ती कोणाला भेटत नाही. कुलूप उघडते, थोडा वेळ बसते, कुलूप लावते आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागते. केंद्राच्या साहेबांनी पहिला भाग बघून विचारले, "अहो, पण यात घडतं काय?"

"तेच घडतं, साहेब."

त्यांनी नाक मुरडले. पण दुपारची वेळ भरायला दुसरे काही नव्हते, म्हणून चालू दिले.

वर्तमानपत्रांत अवाक्षर आले नाही. परीक्षण लिहिणारे त्या वेळी कचेरीत असत. पत्रेही आली नाहीत. बाईने असले पत्र पेटीत टाकायला द्यायचे कोणाकडे? नवऱ्याकडे? फोन मात्र येत. वीज गेली, पाहुणे टपकले, मूल रडले आणि भाग हुकला की बायका केंद्राला फोन करत. आमची टेलिफोनवाली प्रत्येक भाग डोळ्यांत तेल घालून बघायची, नाहीतर बिचारी उत्तर काय देणार?

"आज ती खोलीत काय करत होती हो?"

"आज नुसती झोपली होती."

"बरं झालं," पलीकडची बाई म्हणायची आणि फोन ठेवायची.

आता पडद्यावरच्या बायकांवर व्याख्याने होतात. ज्यांत बाई किंचाळते, सूड घेते, कोर्टात भाषण ठोकते, ते चित्रपट सगळ्यांना तोंडपाठ. नुसती झोपलेली बाई कोणाच्या लक्षात नाही, आणि याचा मला अजून संताप येतो. दुपारी डोळा लागावा म्हणून बाईला घराबाहेर खोली घ्यावी लागते, याहून मोठे भाषण मला तरी लिहिता आले नसते.

मग नवऱ्यांच्या तक्रारी आल्या, टाइप केलेल्या, ऑफिसच्या कागदावर. मालिका अर्ध्यात बंद पडली. दाखवलेल्या शेवटच्या भागात नवऱ्याला खोलीचा पत्ता लागतो, तो येऊन दार वाजवतो, आणि ती आत असते. पुढचे चित्रीकरण करू दिले नाही. केंद्राच्या रीतीप्रमाणे टेपा पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम चढवले. माझ्या बाईवर फुटबॉलचे सामने चढले. माझा संकलक हे सांगायला आला तेव्हा त्याचे तोंड एवढेसे झाले होते.

उरली ती एकच प्रत, आणि ती वहिनींनी केलेली. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची, बायको. मालिका उतरवून घ्यायला घरात कोरी कॅसेट नव्हती आणि मागायची सोय नव्हती. त्यांच्या लग्नाची एक होती. तीच त्यांनी यंत्रात घातली आणि बटण दाबले. भाग येत गेले, लग्न पुसत गेले. दादाने एकदा पाहुण्यांना हौसेने लग्न दाखवायला घेतले, तर पडद्यावर एक अनोळखी बाई कुलूप उघडते आहे! चारचौघांत त्याची शोभा झाली. त्या दिवसापासून टीव्हीच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली दादाच्या खिशात. मला म्हणाला, "तू माझं घर फोडलंस." कॅसेट तो फेकून देणार होता. वहिनींनी ती धुण्याच्या पिशवीत घालून माझ्याकडे पोचवली. तेव्हापासून भेटल्या की त्या मला हळूच विचारतात, "वन्सं, तिने दार उघडलं का हो?" आणि मी म्हणते, अजून ठरलं नाही.

ही कॅसेट चित्रपट संग्रहालयाला द्यावी. त्यांनी आधी हात झटकले होते. आता घेतो म्हणतात, पण शेवटचा लग्नाचा तुकडा कापून. ते मला मान्य नाही. दारावरची थाप ऐकू येते, चित्र थरथरते, आणि पुसायचे राहिलेले लग्न सुरू होते. नटलेल्या वहिनी एकट्याच खुर्चीवर, मागे लोक जेवताहेत, आणि त्या दाराकडे बघताहेत. दर वेळी मला रडू फुटते. कापायचे असेल तर कॅसेट देऊच नये.

कलम चार. माझी राहती जागा, दोन खोल्या, सामानासकट, वहिनींना, त्यांच्या एकटीच्या मालकीची. दादा मारत नाही, शिवी देत नाही, हे मी बहीण म्हणून लिहून देते. दादा विचारतो. कुठे गेलीस, कशाला गेलीस, एवढा वेळ का लागला. लग्नापासून विचारतो आहे. आता फोनवरून विचारतो. या जागेत त्याने राहू नये. चहाला यावे, दार वाजवून. उघडले नाही तर निमूट घरी जावे. कोर्टात जायचे असल्यास खुशाल जावे. <s>जागेची दुसरी किल्ली माझ्या मृत्यूनंतर वकीलबाईंनी वहिनींच्याच हातात द्यावी.</s>

कलम पाच. दादाला त्याच्या लग्नाच्या फोटोंचा अल्बम. दादा, तुझे घर मी फोडले नाही. तुझ्यावर माया आहे म्हणूनच तुझा इतका राग येतो.

सही करण्यापूर्वीची पुरवणी, माझ्या हाताने.

साक्षीदार म्हणून मी संकलकाला आणि वहिनींना बोलावले होते. आत काय लिहिले आहे ते वहिनींना ठाऊक नव्हते, आणि कायदा मला ठाऊक नव्हता. वकीलबाईंनी वहिनींच्या हातातले पेन काढून घेतले. "ज्यांना मिळतं त्यांनी साक्षीदार व्हायचं नसतं."

"मला कुठे काय मिळतंय?" वहिनी म्हणाल्या.

वकीलबाईंनी कलम चार वाचून दाखवले. वहिनींच्या पिशवीतला फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मला वाटले आता या रडतील, नाहीतर नको म्हणतील.

"म्हणजे तुम्ही मरेपर्यंत मी थांबायचं?" त्या म्हणाल्या. "वन्सं, मला नाही तुमच्या मरणाची वाट बघायची. किल्ली आत्ता द्या."

मी दिली. त्या बाहेर गेल्या, दार ओढून घेतले, आणि बाहेरून किल्ली फिरवून आत आल्या. "जरा घट्ट लागते," म्हणाल्या. मग आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतले. म्हणून किल्लीचे वाक्य वर खोडले आहे. वकीलबाई नव्याने टाइप करू म्हणत होत्या. मी म्हटले, राहू द्या, खोडलेले दिसू दे.

वहिनींच्या जागी साक्षीला आमच्या जुन्या टेलिफोनवालीला बोलावले. ती जिना चढून धापा टाकत आली आणि बसते न बसते तोच माझा फोन वाजला. दादा.

"ती फोन का उचलत नाही? काय करतेय तिथे?"

मी आत डोकावून आले होते. "नुसत्या झोपल्यात."

"उठव तिला."

"नाही उठवणार."

"मग मीच येतो," म्हणाला आणि फोन ठेवला. तो पोचायच्या आत सही करायची आहे. खालची सही वाकडी आली तर ती घाईमुळे. ती माझीच आहे. टेलिफोनवालीने पेनाचे टोपण काढले, बंद दाराकडे बघितले आणि म्हणाली, "बरं झालं."

लिहून ठेवणारीची सही.
साक्षीदार: संकलक, निवृत्त. टेलिफोनवाली, निवृत्त. दोघांनी माझ्यासमोर आणि आवाज न करता सह्या केल्या.
स्थळ: बाहेरची खोली.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तो. वेळ दुपारची, मालिका लागायची तीच.