दाराचा रंग

ता. ३ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे ते आधी कळवा, मग बाकीचं वाचा.

इकडे आम्ही दोघं ठीक. यांची तब्येत उत्तम आहे. जेवण व्यवस्थित, सकाळी पेपर घेऊन बसतात. तुमचा फोन आला तेव्हा झोपले होते, म्हणून दिला नाही. दर वेळी असंच होतं खरं. मनात काही धरू नका.

बातमी अशी, की तुमची वहिनी मुलांच्या कोर्टात जाणार आहे. जन्मभर यांच्या वकिलीतले दावे टाइप करता करता कायदा शिकले, केस पांढरे झाल्यावर परीक्षा देऊन सनदही घेतली, पण आजवर भाडेकरार नि प्रतिज्ञापत्रांवरच भागत होतं. दुधाची तहान ताकावर. आता फुकट वकील देणाऱ्या कचेरीनं एका मुलीचं काम दिलंय.

तेरा वर्षांची आहे. घरातून निघून गेली आणि बंद असलेल्या एका बेकरीचं मागचं कुलूप तोडून आत राहिली. पिठाच्या पोत्यांवर झोपायची, बिस्किटं खायची. मालक परत आला तेव्हा सापडली. आता निरीक्षणगृहात आहे. आई नाही. वडील आहेत, त्यांची दुसरी बायको आहे. वडील न्यायला तयार आहेत, म्हणून सगळे म्हणतात, सोपं काम आहे. मुलगी मात्र तोंड उघडत नाही. मी दोनदा जाऊन आले. पालथ्या घड्यावर पाणी. तिथली काळजीवाहिका तिला 'मौनीबाबा' म्हणते. "बाई, तुम्ही दमाल, ती नाही दमायची," असं मला म्हणाली.

तरी मी तयारी जोरात केली. काळा कोट धुऊन इस्त्री केला. मुलीची जागा बापाच्या घरी, यावर असं भाषण बसवलं की भिंतीला पाझर फुटावा. मग कोर्टाची खोली बघून यावी म्हणून गेले, तर तिथला कारकून माझ्या हातावरच्या कोटाकडे बघून म्हणाला, "आजी, हा इथे चालत नाही. पोरं घाबरतात. पोलीससुद्धा साध्या कपड्यांत येतात." मी विचारलं, "मग उभं कुठे राहायचं?" तर म्हणे, "उभं राहायचंच नाही. टेबलाभोवती बसायचं आणि घरात बोलतो तसं बोलायचं."

घरात बोलतो तसं. आता ते कुठून आणू?

असो. संध्याकाळी हे न्यायाधीश होतात आणि माझी उलटतपासणी घेतात. "मुद्द्यावर या, वकीलबाई," म्हणतात. थट्टेनं हो. स्वभाव तुम्हाला माहीतच आहे.

प्रकृतीला जपा.

तुमची,
वहिनी


ता. १९ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

तुमचं उत्तर मिळालं. 'दादाला तू मुठीत ठेवलंयस, माझ्याशी बोलूही देत नाहीस' हे वाचलं. वाईट वाटलं नाही. तुमच्या जागी मी असते तर याहून तिखट लिहिलं असतं.

आधी त्या मुलीचं सांगते. पण तिचं सांगायचं तर यांचं सांगावं लागतं, दुसरी वाट नाही. फोनवर बोलता येत नाही, हे शेजारीच बसलेले असतात.

वन्सं, ते 'वकीलबाई' थट्टेनं नव्हतं. मी कोण आहे हे यांना कळेनासं झालंय. कोर्टातली कुणी ओळखीची बाई काम घेऊन येऊन बसते, असं यांना वाटतं. मला अहोजाहो करतात. चहा दिला की "तुम्ही कशाला त्रास घेतलात" म्हणतात. कायद्याचं बोलायला लागलं की मात्र जुने होतात, मुद्देसूद. म्हणून मी रोज ते कोर्ट भरवत होते. तयारी कमी, सोबत जास्त. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून इतके महिने दाबून धरली. आता बोटं दुखायला लागलीत.

संध्याकाळ झाली की हे बूट घालतात. "निघतो, घरी जायचंय." मी रोज सांगायची, अहो हेच घर, ही तुमची खुर्ची, हा तुमचा चष्मा. की हे चिडायचे. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी इतकी थकले होते की समजूत घालायचं त्राणच नव्हतं. बुटाची नाडी सोडायला खाली बसले आणि म्हटलं, "कुठलं घर? दाराचा रंग तरी सांगा."

"हिरवा," म्हणाले. लगेच. "दोन पायऱ्या आहेत. वरची हलते, जपून. आणि दाराआड आमची धाकटी बहीण उभी असते, भॉक करायला. मी घाबरल्यासारखं करतो. नाही केलं तर रडते." आणि हसले. वन्सं, ते हसू मी विसरलेच होते.

बूट त्यांनी आपणहून काढले.

दुसऱ्या दिवशी सुनावणी दुपारी होती. सकाळीच मी त्या मुलीकडे गेले. फाइल पिशवीतच ठेवली. तिच्या शेजारी बाकावर बसले आणि विचारलं, "तुझ्या घराच्या दाराचा रंग कोणता गं?"

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "कुठल्या? मावशीच्या?"

या मावशीचा कागदोपत्री पत्ताच नव्हता. आई गेल्यावर वडिलांनी तिच्याशी बोलणं तोडलं होतं. मुलीला कोणी विचारलं नाही, मीही नाही. मी थेट भाषण बसवून मोकळी. उंटावरचा शहाणा म्हणतात तो दुसरा कोण. दार निळं आहे, आणि मावशी इस्त्रीचं दुकान चालवते, एवढ्यावर तिथल्या काळजीवाहिकेनं फोन करकरून माणूस शोधलं. बाई इस्त्री गरम सोडून आली. हातावर भाजल्याचे जुने डाग, कपाळावर घाम.

टेबलाभोवती सगळे बसलो. न्यायाधीश बाई वयानं मला मुलीसारख्या असतील. त्यांनी मुलीला विचारलं, "तुला कुणाकडे राहायचंय?" पुन्हा मौनीबाबा. मग तिनं बसल्याबसल्या आपली खुर्ची मावशीकडे सरकवली. फरशीवर केवढा आवाज झाला. वडील बिचारे टोपी फिरवत बसले होते. म्हणाले, "मला वाटलं माझ्याशीच अबोला आहे. पण तिकडेच बरी असेल तर असू दे." माणूस वाईट नाही, नुसता घाबरलेला आहे. मुलीला मावशीकडे पाठवलंय, वडिलांनी दर रविवारी भेटायचं. माझं भाषण पिशवीतच राहिलं.

घरी आले. शेजारीण यांच्यापाशी बसली होती, ती गेली. हे म्हणाले, "काय झालं, वकीलबाई?"

"जिंकलो."

"कुणाविरुद्ध?"

तिथे समोर कुणी नव्हतंच.

"छान काम केलंत," म्हणाले. "आता निघा. उशीर झाला. तुमची घरी कुणीतरी वाट पाहत असेल."

मी चपला घातल्या आणि बाहेर जाऊन जिन्यात बसले. नंतर बेल वाजवली. यांनी दार उघडलं. "या," म्हणाले. नवीन माणसाला म्हणतात तसं.

वन्सं, त्या हिरव्या दाराच्या घरात मी कधी राहिले नाही. तिथली वाट तुम्हा दोघांनाच ठाऊक. तुम्हाला ओळखतील अशी खात्री देत नाही, वकील असले तरी. पण आमच्या दाराआड एक माणूस उभं राहील एवढी जागा आहे. गुडघा सांभाळून या. मी यांना फिरवून आणेन, तुम्ही आत उभ्या राहा.

येताना मला एकदा 'वहिनी' अशी हाक मारा, पुष्कळ दिवसांत ती कुणी मारली नाही.

तुमची,
वहिनी