तातांचा सदरा

तेकाश, फेब्रुवारी १८८३

प्रिय युलालियाताई,

तात माझ्या घरी जेवत का नाहीत, असं तू विचारलंस. त्यांचं पोट बिघडलंय, असं मी कळवलं. ते खोटं होतं. तुझी पत्रं पाद्री वाचून दाखवतात, म्हणून हे पत्र मी धाडणार नाही. पण खरं काय ते एकदा लिहून काढतो.

रानातल्या जुन्या देवळांचे फोटो काढायला आलेल्या गोऱ्या साहेबाचा मी दुभाषा होतो. वाट फक्त तातांना ठाऊक, म्हणून त्यांनाही नेलं. देवळाच्या पायऱ्यांवर त्यांना उभं करून साहेब मला स्पॅनिशमध्ये म्हणाला, "म्हाताऱ्याला सदरा काढायला सांग. रानटी दिसला पाहिजे."

चाळीस वर्षं चर्चमध्ये प्रार्थना सांगणारा आपला बाप! आणि मी म्हणालो, "तात, सदरा काढा."

"साहेब काय म्हणाला?"

"उकाडा फार आहे म्हणाला."

त्यांनी सदरा काढून माझ्या हातात दिला. "स्पॅनिश मलाही कळतं रे, फाबियान," एवढंच बोलले आणि फोटो होईपर्यंत उन्हात तसेच उभे राहिले.

साहेबाची शिसारी येते, पण त्याहून माझीच जास्त येते. फोटो ज्या काचेवर उतरला होता, ती वाटेत कुठेही आपटून फोडता आली असती. मी ती तीन दिवस पाठीवर वाहिली आणि मेरिदा शहरात पोचल्यावर हसून म्हणालो, "बघा साहेब, एक ओरखडासुद्धा नाही."

तुझा भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
फाबियान