गणूने जपलेले कागद

बसरा, गुरुवार, १९१९

गोदे, तुझा गुडघा कसा आहे? आपल्या नातवाचा खोकला गेला का? म्हैस व्याली असेल. इथल्या लष्करी इस्पितळातली जखमींची सेवा संपत आली, पुढल्या महिन्यात आगबोट. आपल्या आंदर मावळावरचं माझं पुस्तकही काल पुरं झालं. चार वर्षं लिहीत होतो.

आज कडाक्याची थंडी. आपल्या इंदुरीच्या गणू आचाऱ्यानं चहा दिला. म्हटलं, "गणू, अमृत रे!"

"आबा, लाकडं वली, पेटंनात. मग तुमच्या पेटीतलं लिवल्यालं कागद घातलं. कोरं मातर जपून ठिवलंत, तुमाला लागतील म्हणून."

केवढ्या मायेनं बोलला! काय रागवायचं? अमृत म्हणालो मी त्या चहाला.

गोदे, कुणाकडून दोन ओळी लिहवून लवकर धाड. हा कोरा गठ्ठा बघवत नाही.