डिंपलचा इंटरव्ह्यू आणि माझं वायफाय

१३ मे २०२३, शनिवार. सकाळी ८.
डिंपलला इंटरव्ह्यूचा मेल आला! पुण्याची कंपनी. लोकांचं इंटरनेट बंद पडलं की ते फोन करतात, त्यांना पलीकडून समजावून सांगायची नोकरी. सोमवारी २२ तारखेला, अकरा वाजता, ऑनलाइन. मधे नेट तुटलं तर दुसरा चान्स नाही, असं साफ लिहिलं आहे.
डिंपलनं विचारलं, पप्पा, आपलं वायफाय चालते का? मी म्हणालो, काऊन नाही चालणार? गेल्या दिवाळीत नेटवाल्या गुलजारनं बसवलं तेव्हा अख्ख्या गल्लीत आपलं पहिलं होतं.
नऊ दिवस हातात आहेत. मी स्वतः लक्ष घालणार. घरात टेक्निकल डोकं एकच आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.
लॅपटॉप डिसेंबरनंतर आज उघडला. खालच्या कोपऱ्यात वायफायच्या चिन्हावर फुली. किरकोळ बाब आहे. उद्या दहा मिनिटांत होईल.

१४ मे, रविवार.
लॅपटॉप अकरा वेळा बंद-चालू केला. विमानाचं चित्र असलेलं एक बटण सापडलं. ते दाबलं, परत दाबलं. फुली तशीच.
डिंपलची आई भाकरी थापता थापता म्हणाली, अवो, गुलजारचा वायफायचा डब्बा तं समोरच्या खोलीत कापसामागं हाये, त्याले करंट कुठून येते?
तिचा डाव माझ्या लगेच लक्षात आला. समोरच्या खोलीत डिसेंबरपासून आमचा कापूस आहे, पार छपराच्या टिनांपर्यंत. आम्ही, पाहुणे, सगळे मागच्या दारानं ये-जा करतो. गेल्या वर्षीसारखा भाव येईपर्यंत एक बोंडही विकायचं नाही, हा निर्णय माझा. आणि कापूस आणि करंट एका खोलीत नको, एका ठिणगीत सगळं जाईल, म्हणून त्या खोलीचा फ्यूजही मीच काढला. त्या वेळी हीच बाई म्हणाली होती, हे बेस केलं. आता तिला खोली रिकामी करायची आहे, म्हणून वायफायचं निमित्त.
घरात सगळ्यांना खाज सुटते, ती कापसातल्या किड्यांची आहे असंही तिचं म्हणणं. ती उन्हाची आहे.

१५ मे, सोमवार.
गुलजारला फोन केला. तो अमडापूरला टॉवरवर चढलेला. त्यानं विचारलं, काका, डब्ब्यावरचे दिवे जळून राह्यले का? मी म्हणालो, हाव, जळून राह्यले.
प्रत्यक्ष पाहिले नाहीत हे खरं. पण रिचार्ज भरलेला आहे, म्हणजे दिवे जळतच असणार.
गुलजार म्हणाला, माह्या इकडून तं तुमची लाइन बंद दिसते. मी म्हणालो, मग तुझा कॉम्प्युटर तपास. तो म्हणाला, येऊन पाहू का? मी म्हणालो, गरज नाही, फॉल्ट लॅपटॉपमध्ये आहे, मी शोधतोच आहे. बिचाऱ्यानं बरं काका म्हणून फोन ठेवला. या पोरांना अनुभव कमी असतो.

१६ मे, मंगळवार. दुपार.
आज एक महत्त्वाचा शोध लागला. लॅपटॉपच्या यादीत आपलं नाव नाही, पण 'आसमा होम' दिसतं, पूर्ण रेघांचं. आसमा म्हणजे शेजारच्या बिलालभाईची मुलगी. त्याचं आमचं भिताड एक. माझं तांत्रिक अनुमान: त्याच्या वायफायच्या लाटा आपल्या लाटांना घरात शिरू देत नाहीत.
डिंपलची आई म्हणाली, आसमाच्या आईले, मुबीना भाभीले, पासवर्ड मागू का?
खबरदार, म्हणालो! बिलालभाईनं जानेवारीत सगळा कापूस विकून टाकला, तेव्हा मी गावातल्या सोसायटीच्या ओट्यावर चारचौघांत त्याला तासभर समजावलं होतं की धीर म्हणजे काय, मार्केट म्हणजे काय, अन् बायकांसारखी घाई करून शेती होत नसते. सगळे हसले होते. तोही हसला होता. त्यानंतर भाव तात्पुरता खाली आला आहे. अशा वेळी त्याच्या दारात हात पसरून जायचं?
चिखलीला नेट कॅफेत जाऊ का, असं डिंपलनं विचारलं. तेही नाही. घरात लॅपटॉप, घरात वायफाय, आणि पोरगी बाहेर बसणार! लोक काय म्हणतील.

१७ मे, बुधवार.
मोबाइलची रेंज फक्त बोरीच्या झाडाखाली येते. तिथे उभा राहून एक व्हिडिओ पाहिला. डोक्यावर त्रेचाळीस डिग्री, पण अभ्यास म्हणजे अभ्यास. व्हिडिओतला माणूस म्हणाला, ड्रायव्हर काढून टाका, तो आपोआप परत येतो.
काढला. परत आला नाही. यादीतून 'आसमा होम'ही गेलं. एका अर्थी ही प्रगती आहे.

संध्याकाळी.
डिंपलनं काहीतरी खटपट केली आणि 'आसमा होम' परत आलं. मी दुपारी केलं होतं त्याचाच हा उशिरा आलेला परिणाम असावा.

१८ मे, गुरुवार.
ऊन लागलं. डोकं ठणकतं. डिंपलच्या आईनं कैरीचं पन्हं दिलं आणि कपाळावर कांदा ठेवला. आज काम बंद. डॉक्टरसुद्धा मोठ्या ऑपरेशनआधी आराम करतात.

१९ मे, शुक्रवार.
नवी थिअरी: टिनाचं छप्पर तापलं की लाटा वाकतात. लॅपटॉप उत्तरेकडे तोंड करून तुरीच्या कोठीवर ठेवला. मग खिडकीत. मग चुलीजवळ. तिथून डिंपलच्या आईनं उठवलं.
डिंपल स्वयंपाकघरात इंग्रजीतून उत्तरांची प्रॅक्टिस करून राहिली होती, आईला साहेब समजून. आई प्रत्येक उत्तराला हाव हाव म्हणत होती. मला पाहून डिंपल थांबली. म्हणाली, पप्पा, सोमवारपर्यंत नाही झालं तं?
मी म्हणालो, होते ना बाई, तू फिकर नको करू. ती बरं म्हणाली आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी होती ती.
बी.एस्सी. झाल्यापासून दीड वर्ष पोरगी अर्ज टाकून राहिली आहे. एवढ्या सगळ्यांत बोलावणं आलं ते या एकाच ठिकाणाहून. मला वाईट वाटलं. वाईट वाटून लॅपटॉप परत एकदा बंद-चालू केला.

२० मे, शनिवार.
मलकापूरच्या जिनिंगवाल्याची पिकअप गल्लीत आली होती. ड्रायव्हर म्हणाला, काका, देता का? पाऊस तोंडावर आला, बीटी बियाण्याची पाकिटं घ्यायची वेळ झाली, आता काय ठेवता? मी म्हणालो, पुढं जाय. डिंपलची आई दारातून पाहत होती. आत जाऊन तिनं परात आपटली. ती बोलत नाही तेव्हा जास्त ऐकू येतं.
वायफाय: परिस्थिती स्थिर.

२१ मे, रविवार.
मागच्या दारात मुबीना भाभी आणि डिंपलची आई हळू आवाजात बोलत होत्या. मी गेलो तशा गप्प. कुरडयांचं काहीतरी असेल.
संकल्प: उद्या पहाटे पाचला उठून शांत डोक्यानं, शेवटची, पद्धतशीर तपासणी.

२२ मे, सोमवार. सकाळी ८.
पाचला उठलो नाही. पण झोप पूर्ण झाल्यामुळे डोकं ताजं आहे. तीन तास भरपूर झाले.

सकाळी १०.
बंद-चालू, सहा वेळा. फुली. डिंपलनं नवा ड्रेस घातला, केस विंचरले, लॅपटॉप माझ्या हातून हळूच काढून घेतला. म्हणाली, पप्पा, मी जरा चार्ज करते. ती आणि तिची आई, दोघी मागच्या दारानं गेल्या. चार्जिंग तर मधल्या खोलीत होतं.

दुपारी ३.
घडलं ते सगळं लिहून ठेवतो.
साडेदहाला घरात मी एकटाच. म्हटलं, या बायकांचा संशय एकदाचा मिटवून टाकावा. कापसात जाऊन डब्ब्यावरचे दिवे स्वतः पाहावे आणि आल्यावर सांगावं, पाहा, जळून राह्यले. टॉर्च घेतला, समोरच्या खोलीचं आतलं दार ओढलं, आणि कापसावरून पोटावर सरपटत निघालो. टिनं पाठीला भाजत होती. अर्ध्यात गेल्यावर कमरेपर्यंत खाली गेलो. खाज तर अशी की काय सांगू! किडे आहेत. हे आज मान्य करतो.
बिलालभाईच्या बाजूच्या भिताडापाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले असतील. हे भिताड वर टिनांपर्यंत गेलेलं नाही, वीतभर फट आहे. तिथून आवाज आला. आमच्या डिंपलचा, इंग्रजीत. मुबीना भाभीच्या घरातून.
मला राग आला. ओरडणार होतो. तेवढ्यात साहेबाचा आवाज आला, लॅपटॉपमधून, स्वच्छ, कुठं तुटणं नाही की काही नाही. मी तोंड मिटलं. हातपायही हलवले नाहीत, न जाणो आवाज जायचा.
साहेबानं हिंदीत विचारलं, समजा एक कस्टमर आहे, तो म्हणतो मी सगळं तपासलं, दिवे चालू आहेत, आणि तुम्हाला माहीत आहे की त्यानं काही तपासलेलं नाही. काय कराल?
मी मनात म्हटलं, असे मूर्ख असतात खरे. फोन ठेवून द्यावा.
डिंपल म्हणाली, सर, मी त्यांना खोटं पाडणार नाही. ते खोटारडे नसतात, घाबरलेले असतात. घरातले सगळे त्यांच्याकडे पाहत असतात आणि त्यांना सगळ्यांसमोर हरायचं नसतं. मी दिव्यांचं विचारणारच नाही. म्हणेन, सर, जरा डब्ब्याच्या खाली एक नंबर लिहिला आहे, तेवढा वाचून दाखवा. नंबर वाचायला त्यांना डब्ब्यापाशी जावंच लागतं. गेले की त्यांचं त्यांनाच दिसतं. मग म्हणायचं, बरं झालं सर, तुमच्या लक्षात आलं.
साहेब हसला. म्हणाला, हे कुठून शिकलात? डिंपल म्हणाली, घरी, सर.
किती हुशार पोरगी! मी कापसात पडल्या पडल्या खूष झालो. कोणत्या अडेलतट्टू माणसाशी हिची गाठ पडली असेल, याचाही विचार केला. कॉलेजातला एखादा सर असेल.
मग दोघी घरी आल्या. आतलं दार उघडं पाहून डिंपल तिथे येऊन उभी राहिली. मी कुठे आहे ते तिला टॉर्चवरून दिसलं असेल. रागावली नाही, हसली नाही. तिथूनच म्हणाली, पप्पा, तिथपावतर गेलेच आहात, तं डब्ब्याखालचा नंबर वाचून दाखवता का जरा?
मले एकदम कापसात पार खाली जावंसं वाटलं.
कापूस बाजूला सारून डब्बा मोकळा केला. नंबर वाचला. बारा आकडे होते, एकेक करून, मोठ्यानं. मग म्हणालो, डिंपल, याचे दिवे तं बंद दिसून राह्यले.
ती म्हणाली, बरं झालं पप्पा, तुमच्या लक्षात आलं.
मागे तिची आई उभी होती. मी लगेच बाहेर आलो नाही. कापसाची धूळ डोळ्यांत गेली होती, आणि खरं लिहायचं तर फक्त धूळ नव्हती.

२६ मे, शुक्रवार.
डिंपल सिलेक्ट! १२ जूनला पुण्याला हजर व्हायचं आहे.
पेढे घेऊन सोसायटीच्या ओट्यावर गेलो. सगळे जमले. कोणीतरी विचारलं, इंटरव्ह्यू कुठं दिला? मी म्हणालो, घरीच, आपल्या वायफायवर, कसं टकाटक चाललं. बोलून झाल्यावर पाहिलं तर बिलालभाई खांबाला टेकून बसलेला. मी पेढ्यांचा डबा त्याच्यापुढं केला.
बिलालभाई सगळ्यांकडे पाहून म्हणाला, हाव, हिंमतरावचं नेट लय तेज हाये. आणि पेढा तोंडात टाकला.
मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. चहा सांगितला. चहा अर्धा झाल्यावर त्याला हळूच विचारलं, भाई, जानेवारीत तुझा कापूस नेला तो व्यापारी कोण होता? त्याचा फोन नंबर आहे का?
त्यानं नंबर सांगितला. मी लिहून घेतला.