दिसतंय त्याला गोइंग टू

बाई, माझी मुलगी आता नववीत आहे. परवा इथं दौंडला आभाळ भरून आलं तेव्हा तिनं पुस्तकातून मान वर करून विचारलं, "मम्मी, विल रेन म्हणायचं का गोइंग टू रेन?" मी भाकरी थापत होते. तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "डोळ्यांना दिसतंय त्याला गोइंग टू, नुसतं मनात आलं त्याला विल." तिचं समाधान झालं, ती परत वाचायला लागली. माझा हात मात्र परातीतच राहिला. तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतेय, म्हणून आज लिहायलाच बसले.

तळेगाव ढमढेऱ्याच्या आमच्या शाळेत तुम्ही रोज शिरूरहून एसटीनं यायचा. हवेचे आणि अंदाजाचे इंग्रजी शब्द तुम्ही आम्हाला जवळजवळ मारूनच शिकवलेत. माइट म्हणजे होईल किंवा होणारही नाही. लाइकली म्हणजे होण्यासारखं आहे. शुअर टू म्हणजे टळायचं नाही. आणि प्रत्येक अंदाजाच्या पुढं बिकॉज हवंच. कारण न देता कुणी खाली बसलं की पट्टी उभी धरून पेरांवर बसायची. शेजारच्या मुलीची कातडी सोलली होती एकदा. मीही तुम्हाला भ्यायचे, पण तुमचा मार कशाबद्दल मिळाला हे तरी कळायचं. घरी आप्पांचा मार कशाबद्दल असतो हे आईलाही कधी कळलं नाही.

ती मार्चमधली दुपार. खिडकीबाहेर आभाळ काळंनिळं झालंय, वारा पडलाय, आणि तुम्ही तिकडं बोट करून एकेकाला उभं करताय. इट इज गोइंग टू रेन, बिकॉज द क्लाउड्स आर ब्लॅक. वारा, वीज, गारा, सगळं पुढच्या बाकांनी संपवून टाकलेलं. माझी पाळी येते तेव्हा हवेतलं काही उरलेलंच नसतं. मी म्हणते, "माय फादर इज गोइंग टू हिट माय मदर." वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. "बिकॉज?" एवढंच विचारता. पुढं मला इंग्रजी पुरत नाही. मी मराठीत सांगते की रांजणगावच्या कंपनीनं आप्पांना ब्रेक दिलाय, कामावरून घरी बसवलंय, सकाळी त्यांनी वाढलेलं ताट सरकवलं आणि एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत की मारतात.

तेवढ्यात वादळ आलं आणि शाळा सोडली. तुम्ही घर कुठंय विचारलंत, तुमची एसटी जाऊ दिलीत आणि डोक्यावर पर्स धरून गारांतून माझ्याबरोबर निघालात.

आमच्या स्वयंपाकघरावर पत्रा होता. गारा अशा बडवत होत्या, की आई ओरडतेय हे मला तिच्या तोंडाकडं बघून कळलं. आप्पांनी तिचे केस मुठीत धरले होते, दुसऱ्या हातात चुलीची लोखंडी फुंकणी होती. तिचं मनगट आधीच भलत्या बाजूला वळलेलं. तुम्ही चपला न काढता आत शिरलात आणि दोघांच्या मधे उभ्या राहिलात. आप्पांनी कोण आलंय हेसुद्धा बघितलं नाही. फुंकणी तुमच्या डाव्या कानावर बसली. तुम्ही गुडघ्यांवर आलात, मानेवरून रक्त ब्लाउजमधे उतरायला लागलं. आता तुम्ही मरणार, असं मला वाटलं. तुम्ही हातानं चाचपडत कोपऱ्यातला वरवंटा ओढलात, दोन्ही हातांनी उचललात आणि त्यांच्या पावलावर आपटलात. ते भिंतीला घासत खाली बसले आणि बसल्या बसल्या फुंकणी फिरवत राहिले. एक फटका माझ्या नडगीवर आला. तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "आईचा चांगला हात धर बेटा. मागं बघायचं नाही."

रस्त्यावर गारा पाठीत दगडासारख्या बसत होत्या. कामगारांना सोडून रिकामी परत चाललेली कंपनीची बस थांबली आणि ड्रायव्हरनं आम्हाला थेट शिरूरच्या दवाखान्यात नेलं. त्या कानानं तुम्हाला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

दवाखान्यात केंदूरहून मामा आले, मिटवायला. आईला म्हणाले, "आता न्हाई हात लावायचे ते. पाय मोडलाय, आक्कल आली आसंल." डोक्याला पट्टी बांधून तुम्ही शेजारच्या खाटेवर होता. उजवा कान त्यांच्याकडं करून तुम्ही विचारलंत, "कशावरून?" तेव्हा आई बोलली. मार खाल्ल्यापासून ती पहिल्यांदाच तोंड उघडत होती.

"पाय बरा झाला की मारत्याल. म्या जानार न्हाई."

ती गेली नाही. आप्पा लंगडत राहिले आणि पुढं एकटेच वारले. आई माझ्याकडंच असते, मनगट वाकडंच आहे, त्याच हातानं नातीची वेणी घालते. तुम्हीही शाळा सोडली नाहीत, फक्त वर्गात उजवी बाजू आमच्याकडं करून उभ्या राहायला लागलात. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी शिरूरला आले, तुमच्या घरातल्या बायकांत बसले. तुमच्या बहिणीनं मला जवळ ओढलं आणि सगळ्यांना सांगितलं की हीच ती पोरगी, हिनं भर वर्गात मदत मागितली, केवढी धीराची. तुम्हीच तिला तसं सांगितलं असणार. मी मान खाली घालून बसले.

हे पत्र घालायला आता पेटी नाही, म्हणून लिहिते. बाई, मी मदत मागितली नव्हती. मराठीत ते माझ्या तोंडून जन्मात निघालं नसतं. इंग्रजीत ते आमच्या घरातलं वाटलंच नाही, नुसतं वाक्य वाटलं. मला एवढंच हवं होतं की तुम्ही करेक्ट म्हणावं.