न मानणाऱ्याची आंघोळ

ती. आई,
तुझ्या पायांवर थोरलीचं डोकं.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. वृद्धाश्रमातलं काम आता अंगवळणी पडलंय. तुझा गुडघा कसा आहे?

बाबा देव न मानता गेले म्हणून नरकातच असणार, असं काकांनी सांगितल्यापासून तुझा डोळा लागत नाही. नरकाची एवढी बातमी काकांना कुठून लागते कोण जाणे! इतरांच्या धर्मातही असंच आहे का, असं तू विचारलंस.

इथल्या नर्सबाईंचा धर्म एक, सफाईच्या मावशींचा दुसरा. दोघींना विचारलं. दोघी म्हणाल्या, "न मानणाऱ्याची सुटका नाही." म्हणजे मनातल्या मनात त्यांनी एकमेकींनाही तिकडेच धाडलं असणार.

काल आमच्याकडचे मास्तर गेले. जन्मभर देवाची टिंगल केलेला माणूस. दोघी त्यांना शेवटची आंघोळ घालायला आल्या. नर्सबाईंनी बादलीत कोपर बुडवून पाहिलं. "गार आहे हो, गरम आणा."

माझी जीभ तुला ठाऊक आहे. म्हटलं, "आगीत जाणाऱ्याला कोमट पाणी कशाला?"

मावशी खेकसल्या, "गप गं! म्हाताऱ्याला थंडी वाजेल ना!"

तेव्हा आई, मला बाबा आठवले आणि रडू आवरेना.

धर्मात तसं लिहिलेलं असेलही. पण त्या दोघींच्यानं मास्तरांच्या अंगावर गार पाणीसुद्धा ओतवलं नाही. देव त्या दोघींहून निष्ठुर असेल, असं मला वाटत नाही. आणि असलाच, तर बाबांनी त्याला मानलं नाही तेच बरं केलं.

आता स्वस्थ झोप.

तुझी,
थोरली