फलकावरील बोट

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना.

विषय : ‘हिवाळ्यात गाईचे केस गळणे व खाज सुटणे’ या फलकावरील माझ्या सासूबाईंचे बोट काढून टाकणेबाबत.

संदर्भ : सदर फलक काढता येणार नसल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या दोन गाई आहेत व त्यांचे सर्व काही सासूबाई पाहतात. थंडी सुरू झाल्यावर तांबडीच्या मानेवरचे केस जाऊ लागले. गव्हाणीला घासून घासून तिने कातडी लाल करून घेतली. मी भिंगातून पाहिले, तर केसांत उवा होत्या. चट्टा केवढा आहे हे आपणांस कळावे म्हणून औषध मागताना छायाचित्र पाठवले. त्या वेळी जवळ पट्टी नव्हती. प्रमाण समजावे यासाठी मी सासूबाईंना चट्ट्याशेजारी हात ठेवायला सांगितला. त्यांनी काही न विचारता ठेवला.

२. आपल्या औषधाने गाय बरी झाली, त्याबद्दल आभारी आहे. पुढे तेच छायाचित्र मोठे करून आपण दूध संकलन केंद्रात फलक लावला व खाली ‘अस्वच्छ गोठ्याचा परिणाम’ असे छापले. थंडीत जनावरांचे केस दाट होतात, ती एकमेकांना खेटून राहतात, म्हणून उवा वाढतात. झाडलेल्या गोठ्यातही वाढतात. आमचा गोठा रोज दोन वेळा धुतला जातो. माझ्या स्वयंपाकघराबद्दल मी तसे छातीठोक सांगू शकणार नाही.

३. गाय कोणाची हे छायाचित्रावरून कळत नाही. बोट मात्र कळते. सासूबाईंची तर्जनी पूर्वी गाईच्या दाव्यात अडकून मोडली, ती आकड्यासारखी वाकडी आहे. केंद्रावर सगळे त्यांना कौतुकाने ‘आकडेआजी’ म्हणत. आता ‘खाजआजी’ म्हणतात. दूध मोजणारे गृहस्थ म्हणाले, “आजी, किटली ठेवा, हात तेवढा लांब ठेवा.” सगळे हसले. त्याही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून गेल्या नाहीत. सकाळी तिथे जाऊन चार शब्द बोलून येणे एवढाच त्यांचा विरंगुळा होता. आता दूध मी पोचवते. त्या दार लावून धार काढतात, एरवी हात शालीत ठेवतात. परवा एवढेच म्हणाल्या, “गाईचं तोंड कुणी बघत नाही गं, माझं बोट बघतात.”

४. फलक जडवस्तू नोंदवहीत चढल्यामुळे मुदतीआधी उतरवता येत नाही, हे आपण कळवले. म्हणून बोटावर कागद चिकटवावा अशी तोंडी विनंती मी केली. आपल्या शिपायांनी तो तत्परतेने चिकटवला. आता लोक कागद उचलून पाहतात. ज्यांचे आजवर लक्ष गेले नव्हते, तेही पाहतात.

५. निरीक्षण करताना मोजण्याचे साधन जवळ ठेवावे, असे मी वर्गात सांगते. माणसाला साधन करू नये, हे पाठ्यपुस्तकात नसले तरी मला कळायला हवे होते. सासूबाईंनी मला एका शब्दानेही बोल लावलेला नाही. त्यामुळे त्यांच्यासमोर मान वर करणे अधिकच जड जाते.

६. सबब विनंती की, फलक उतरवू नये; त्यावर सोबतचे छायाचित्र डकवावे. दुसऱ्या गाईला तसाच चट्टा पडला असून औषध सुरू केले आहे. यात प्रमाणासाठी माझा हात आहे. पट्टी जवळ होती, मुद्दाम वापरली नाही. हात ओळखू यावा म्हणून शाळेत घालते ते घड्याळ तसेच ठेवले आहे. तरीही कोणी न ओळखल्यास खाली ‘विज्ञानाच्या बाई’ असे छापावे. ‘अस्वच्छ गोठा’ ही ओळ चुकीची आहे. पण माझ्या हाताखाली ती राहिली तरी माझी हरकत नाही.

आपली ओशाळलेली अर्जदार,
(सही)
विज्ञान शिक्षिका

दिनांक : १९ जानेवारी

सोबत : छायाचित्र, एक प्रत. ते घेताना गाय सासूबाईंनी धरली होती. त्या चौकटीत कोठेही नाहीत, हे मी भिंगातून तपासले आहे.